तीन राजवटींचा एक महाराष्ट्र : वाचकांचे प्रश्न

महाराष्ट्र दिनाच्या निमित्ताने ‘आपला प्रांत, आपली ओळख’ या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बरीचशी पत्रे फिरून फिरून एकाच शंकेपाशी येतात : आमच्या भागातली बोली, सण आणि रीतभात अस्सल मराठी आहे की त्यात भेसळ आहे? उत्तरांकडे वळण्यापूर्वी एवढे सांगून ठेवतो की १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या राज्यात मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि निजामाचे हैदराबाद संस्थान अशा तीन वेगवेगळ्या कारभारांखाली पिढ्यानपिढ्या राहिलेले मुलूख एकत्र आले. दक्षिणेकडची कोल्हापूर, सांगली, औंध यांसारखी संस्थाने आणखी वेगळी. निम्म्याहून अधिक प्रश्नांची मुळे या कारभारांत सापडत असल्यामुळे उत्तरांत इतिहास जरा जास्त आला आहे.

प्रश्न : मी मूळची नागपूरची असून नोकरीनिमित्त पुण्यात राहते. बोलण्याच्या ओघात ‘मी जेवून राहिली’ असे तोंडून गेले की सहकारी हसतात आणि ‘हे तर हिंदीचे भाषांतर’ म्हणतात. आता माझा दुसरीतला मुलगा सुट्टीत नागपूरला गेला की आजीच्या बोलण्यातल्या चुका काढतो. त्याला काय सांगावे?
(वाचक, पुणे)

उत्तर : हसणाऱ्यांच्या म्हणण्यात जेवढे तथ्य आहे तेवढे आधी मान्य करू. ‘जेवून राहिली’, ‘करून राहिलो’ या धाटणीवर हिंदीच्या शेजाराची छाप आहे. नागपूर शहर देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, १७०२ मध्ये वसवले; पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले आणि १८६१ पासून मध्य प्रांताची. त्या प्रांतात जबलपूर, सागर, रायपूर असा मोठा हिंदी मुलूख होता, त्यामुळे नागपूरच्या कचेऱ्यांत, न्यायालयांत आणि बाजारात दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत. शे-दीडशे वर्षांच्या अशा शेजारातून क्रियापदाची एखादी लकब उचलली गेली तर त्यात नवल ते काय?

प्रश्न असा आहे की उचललेल्या सगळ्याच गोष्टींना आपण सारखे हसतो का. अण्णा आणि अक्का कानडीतून आले. वकील, फिर्याद, हजर, जमीन हे शब्द फारसीच्या वाटेने आले आणि दरबारी व्यवहारात फारसीचा भरणा इतका झाला होता की पर्यायी शब्द सुचवण्यासाठी शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश तयार करवून घ्यावा लागला. तरीही पुण्यातल्या वकिलाला त्याच्या हुद्द्याच्या नावावरून कोणी हसत नाही. आणि ‘करतोय’, ‘जातोय’ ही रूपे तरी ‘करतो आहे’, ‘जातो आहे’ यांची बोलण्यात झिजलेलीच रूपे आहेत. ती पुण्या-मुंबईत झिजली म्हणून कोणाच्या कानाला खटकत नाहीत, एवढेच.

प्रमाण मराठी ज्या काळात घडत होती त्या काळाकडे पाहिले की हा मामला अधिक स्पष्ट होतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबई सरकारच्या आश्रयाने प्रसिद्ध झाला आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये. त्या वेळी वऱ्हाड निजामाकडे होते, ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले १८५३ मध्ये, आणि नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. म्हणजे कोश, व्याकरण आणि क्रमिक पुस्तके जिथे तयार झाली त्या सरकारच्या हद्दीत हे दोन्ही भाग नव्हतेच. पुढे शाळा निघाल्या तेव्हा घडून तयार झालेली भाषा त्यांच्या हाती पडली आणि घरातली बोली ‘अशुद्ध’ ठरली. ती अशुद्ध आहे असा निवाडा कोणी विचारपूर्वक केला नव्हता. निवाडा करणाऱ्यांच्या बैठकीला वऱ्हाडातले आणि नागपुरातले कोणी हजर नव्हते.

याच वऱ्हाडात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, हे मुलाला आवर्जून सांगावे. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ मानला जातो. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांनी शिष्याला संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले ते पंथातल्या म्हाताऱ्या बायांना संस्कृत कळणार नाही म्हणून. थोडक्यात, मराठी गद्य आजीबाईंना समजावे यासाठीच लिहिले गेले होते. मराठी भाषा विद्यापीठही आता त्याच रिद्धपूरला आहे.

दुसरे, नागपूरच्या बोलीत जे जे वेगळे ते ते हिंदी, हा समजही चुकीचा आहे. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे वऱ्हाडापासून थेट खानदेशापर्यंत कानावर पडतात आणि त्यांचा हिंदीशी संबंध नाही. वऱ्हाडात डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’ होतो. नागपूरच्या बाजारात ‘सांबार’ मागितला की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी पुढे करते, आणि तिचीच सांबारवडी होते. टोमॅटोला ‘भेदरं’ म्हणणारी पिढी गावाकडे अजून आहे. मुलाला आजीच्या चुका मोजायला लावण्यापेक्षा यंदाच्या सुट्टीत तिच्याकडच्या अशा शब्दांची वही करायला लावावी. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र प्रमाण मराठीच लिहायची, हेही त्याला स्पष्ट सांगावे. दुसरीतल्या मुलाला हा भेद सहज कळतो. मोठ्यांनाच तो कळायला वेळ लागतो.

प्रश्न : मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. असे असताना विदर्भातून वेगळ्या राज्याची मागणी अधूनमधून का होते? ही मराठी अस्मितेशी प्रतारणा नव्हे का?
(वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रतारणा हा शब्द इथे लागू होत नाही, असे माझे मत आहे. आपण मुंबई इलाख्याच्या बाजूने पाहता तेव्हा १९५६ ते १९६० हा एका भाषेच्या माणसांना एकत्र आणण्याचा लढा दिसतो. नागपूरकराच्या बाजूने पाहिले तर त्याच काळात त्याच्या शहराचे राजधानीपद गेले, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाले आणि मंत्रालय आठशे किलोमीटर दूर गेले. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी त्या मागणीचा पुरस्कार केला होता. अण्यांच्या मराठीपणाबद्दल तर कोणी शंका घेऊ शकणार नाही. ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले होते.

विदर्भाने सामील व्हावे म्हणून दोन्हीकडच्या नेत्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करारावर सह्या केल्या. नागपूरला वर्षातून एक अधिवेशन व्हावे, सरकारी नोकऱ्यांत आणि खर्चात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, अशी त्यातली प्रमुख कलमे होती. अधिवेशन होते. वाट्याचे काय झाले, ते १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांची विकासातली तूट, मोजला तेव्हा सरकारी कागदावर आले, आणि ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भात आणि मराठवाड्यात घरोघरी रूढ झाला. घटनेच्या ३७१(२) कलमाखालची वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये निघाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

तेव्हा ही मागणी पाटबंधारे, नोकऱ्या आणि अंतर यांबद्दलची आहे. ती मान्य करावी की नाही यावर मतभेद असू शकतात, आणि विदर्भातच ते भरपूर आहेत. पण ती भाषेविरुद्धची मागणी नव्हे. तेलुगू भाषकांची २०१४ पासून दोन राज्ये आहेत, म्हणून त्यांची भाषा दुभंगलेली नाही. आणि आपण ज्याला १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा मान दिला ते ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लिहिणारे राजा बढे नागपूरचेच होते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या घरातल्या जुन्या पेटीत आजोबांच्या शेतीचे कागद सापडले. ते उर्दूत आहेत आणि त्यांवर १३४८ असे साल आहे. आजोबा माळकरी होते, रोज हरिपाठ म्हणत. मग कागद उर्दूत कसे? शिवाय आम्ही १७ सप्टेंबरला झेंडावंदन का करतो हे मुंबईत वाढलेल्या माझ्या नातवंडांना ठाऊकच नाही. ही ओळख टिकवावी कशी?
(वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : कागद जपून ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत मात्र घालू नयेत, त्याने दमट हवेत कागद लवकर कुजतो. १३४८ हे बहुधा फसली साल असावे. निजामाच्या महसुली कारभारात फसली सन चालत असे आणि त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, एखाद्या वर्षाच्या फरकाने. म्हणजे आपले कागद १९३८-३९ च्या सुमाराचे ठरतात. कागदावर ‘फसली’ असा उल्लेख आहे का ते वाचणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी, कारण साल हिजरी असेल तर हिशेब आठ-नऊ वर्षांनी मागे सरकतो.

निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा बहुसंख्य होती, तरी दरबारची, न्यायालयांची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादला १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांतले शेतकरी हरिपाठ मराठीत म्हणत आणि सातबाऱ्याच्या जागी असलेले कागद उर्दूत ठेवत. त्यात विसंगती काही नव्हती, कारभाराची गरज होती. आजही मराठवाड्यातल्या चावडीवर खासरा, पहाणी, मुंतखब हे शब्द वयस्कर माणसे सहज वापरतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीला मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली; पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरला आधार मानले गेले, तेव्हा हे जुने दप्तर किती जिवंत आहे ते साऱ्या राज्याला कळले. आपले कागद वाचून घ्यायचे असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात चौकशी करावी, किंवा गावातल्या, तालुक्यातल्या उर्दू शाळेच्या एखाद्या जुन्या शिक्षकांना विनंती करावी. माझ्या मते दुसरा मार्ग अधिक बरा. शिकस्ता वळणाची घाईची लिपी वाचण्याची सवय नव्या पिढीत फार थोड्यांना राहिली आहे.

आता १७ सप्टेंबरबद्दल. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्याच ताब्यात राहिला आणि पुढचे तेरा महिने रझाकारांच्या अत्याचारांत गेले. भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पण लढा फौजा आल्यावर सुरू झाला नव्हता. ‘गश्ती क्रमांक ५३’ या फर्मानाने सभेला परवानगी लागत असे, म्हणून वाचनालये, गणेशोत्सव आणि खासगी शाळा याच सभेच्या जागा झाल्या. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे स्टेट काँग्रेसचे नेते झाले. आपल्या कागदांवरचे साल १९३८ चे निघाले, तर ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाचे आणि वंदे मातरम् चळवळीचे वर्ष होय. ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या महाविद्यालयांतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते.

शालेय पुस्तकांत हा लढा फार थोड्या ओळींत उरकतो, हे खरे. नातवंडांना मात्र पुस्तकाची वाट पाहायला लावू नये. तेच कागद त्यांच्यासमोर उघडावेत, ५९० ची बेरीज त्यांच्याकडूनच करवून घ्यावी आणि आजोबा त्या वर्षी किती वर्षांचे होते ते विचारावे.

प्रश्न : माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर जळगावचे, आम्ही ठाण्यात राहतो. माहेरी हादगा होता, सासूबाई मात्र भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर गुलाबाई बसवतात. आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणतात की मराठी मुलींचा खेळ म्हणजे भोंडला, बाकीचे सगळे गावठी. लेकीला काय शिकवू?
(वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही शिकवावे, आणि तारखा पाहता त्यात अडचण काहीच नाही. सूर्य हस्त नक्षत्रात साधारण २७ सप्टेंबरला जातो. जुना हादगा, म्हणजेच भोंडला, तिथपासून सोळा दिवस चाले, पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी असे. शहरांत तो आता नवरात्राच्या नऊ दिवसांवर आला आहे, आणि कित्येक सोसायट्यांत एका रविवारवर. सासूबाईंची गुलाबाई कोजागरीला उठते. म्हणजे नवरात्रात एका संध्याकाळी पाटावर हत्ती काढून फेर धरता येतो आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबाईपुढे टिपऱ्या खेळता येतात.

गुलाबाईलाच विदर्भात भुलाबाई म्हणतात. तिच्याजवळ भुलोजी असतो, मांडीवर बाळ गणपती असतो. शंकर-पार्वतीचेच हे घरगुती रूप मानतात. वऱ्हाडात तिला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात, कारण त्या दिवसांत शेतात ज्वारी उभी असते. पश्चिमेकडच्या हादग्यात मूर्ती नाही, चित्राचा हत्ती आहे. एवढा फरक सोडला तर गाण्यांचा ऐवज एकच : माहेराची ओढ, सासूची खोच, न्यायला येणारा भाऊ. कारल्याचे बी पेरायला सांगणारी सासू तर दोन्हीकडे तीच आहे. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचे, डबा हलवून आवाज ऐकायचा, ‘गोड की तिखट’ विचारत राहायचे, आणि कोणाला ओळखूच येऊ नये म्हणून आईने भलताच पदार्थ करायचा, ही गंमत सातारा आणि जळगाव दोन्हीकडच्या बायकांना सांगावी लागत नाही.

‘गावठी’ म्हणणाऱ्या बायकांना एकदा सासूबाईंच्या गुलाबाईला बोलवावे. आणि वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला जळगावला न्यावे. खानदेशात दिवाळीइतकाच हा सण सासुरवाशिणींचा आहे : झोके बांधलेले असतात, गौराई बसलेली असते, आमरसाबरोबर खापरावरच्या पुरणपोळ्या असतात. शेतावरच्या सालदाराचे सालही परंपरेने आखाजीलाच संपते आणि नवा करार होतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात त्या दिवसाला हिशेबाचेही महत्त्व असते.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातला. घरी कोंकणी बोलतो, देवळात आरती आणि कीर्तन मराठीत, वर्तमानपत्रही लहानपणापासून मराठीच वाचतो. महाराष्ट्रातले नातेवाईक म्हणतात, ‘तुमची कोंकणी ही मराठीचीच बोली’. गोव्यातले काही मित्र म्हणतात, ‘मराठी ही बाहेरची भाषा’. मी स्वतःला काय म्हणवून घ्यावे?
(वाचक, गोवा)

उत्तर : जनगणनेच्या कागदावर मातृभाषा कोंकणी लिहावी, कारण आईशी आपण त्या भाषेत बोलता. कोंकणीला साहित्य अकादमीने १९७५ मध्ये स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी हा वाद आता पुरे करावा.

मित्रांचे म्हणणेही टिकत नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातच छापले गेले आणि ते मराठी ओव्यांत आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती भाविकांसाठी धर्मकथा लिहिताना त्या इंग्रज पाद्र्याला मराठी काव्यभाषा जवळची वाटली, हे बाहेरच्या भाषेचे लक्षण नव्हे. जत्रांत, देवळांच्या मांडवांत मराठी नाटके करण्याची परंपरा गावोगाव आहे आणि तिथल्या हौशी नटांना तालमीत शब्दोच्चार सुधारून घेण्याची सवय पिढीजात आहे.

राजकारणात या दोन्ही बाजू एकाच मतदाराने सांभाळल्या. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच लोकांनी पुन्हा निवडून दिले आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. गोव्याला मुंबईच्या मंत्रालयाचा कारभार नको होता, पण बांदोडकरांनी खेडोपाडी काढलेल्या मराठी प्राथमिक शाळा हव्या होत्या. १९८७ च्या राजभाषा कायद्यानेही देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीला शासकीय व्यवहारात स्थान ठेवले. आपण कोंकणी भाषक आहात आणि मराठी आपली वाचनाची, भक्तीची आणि रंगमंचाची भाषा आहे. या दोन्ही वाक्यांपैकी एकही खोडायची गरज नाही.

प्रश्न : तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भिंतीवर मराठीत कोरलेला मोठा लेख पाहून थक्क झालो. तिथे एका मराठी घरात जेवणाचे निमंत्रणही मिळाले, पण त्यांची मराठी नीट कळेना आणि त्यांनाही आमच्यासमोर बोलायचा संकोच वाटत होता. ही मंडळी अजून मराठी म्हणायची का?
(वाचक, नाशिक)

उत्तर : तो लेख म्हणजे दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसल्यांचा वंशेतिहास. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि ते राज्य १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा करेपर्यंत टिकले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी मराठीत नाटके रचली, तीही विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवण्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा आणि मोडी कागदांचा मोठा साठा आहे. पुढच्या खेपेला तिथे अर्धा दिवस तरी ठेवावा. तंजावरच्या दरबाराशी आलेल्या मराठी कीर्तनकारांकडून तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद शिरले, ते तमिळ भागवतर आजही म्हणतात.

राज्य जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. शाळा तमिळ किंवा इंग्रजी, बाजार तमिळ, आणि मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि देवघरात. तिच्यात तमिळ मिसळणार नाही तर काय होणार! तिच्यात कित्येक शब्द असे राहून गेले आहेत जे नाशिक-पुण्यात कोणी वापरत नाही. ज्यांनी आपल्याला ताटावर बसवून मराठीतून आग्रह केला त्यांच्याबद्दल ‘अजून मराठी म्हणायची का’ हा प्रश्न मला विचारावासा वाटला नसता. त्यांचा संकोच आपल्या प्रमाण मराठीपुढचा होता. पुन्हा भेट झाली तर दुरुस्त्या सुचवू नयेत; घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना पदार्थांची, नात्यांची आणि सणांची नावे विचारावीत आणि त्यांची हरकत नसेल तर बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून एक प्रत त्यांच्याच नातवंडांना द्यावी. चेन्नई-बेंगळुरूला गेलेली ती नातवंडे बहुधा तमिळ आणि इंग्रजीतच बोलत असतील, आणि आजीचा आवाज ऐकण्याची गरज त्यांना आपल्यापेक्षा अधिक आहे.